मोठी फाइल

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातून पुण्याच्या व्यापाऱ्याला नवी डिझाइनं मेल केली, पण फाइल मोठी म्हणून मेल परत आला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दानेश्वरीने कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर अटॅचमेंटची मर्यादा वाढवली, तर आता पुण्याचा सर्व्हर मेल घेईना. तिथं कुणाला ते जमेना आणि ऑर्डर हातची जायची वेळ आली. बसप्पा मालकांनी दानेश्वरीलाच सकाळच्या गाडीने पुण्याला धाडलं.

व्यापाऱ्याच्या ऑफिसात सोबत आणलेला आपला लॅपटॉप उघडून तिने तिथलीही मर्यादा वाढवली आणि मालकांना फोन लावला, "झालं मालक. आता पाठवा डिझाइनं."

"ती तुझ्याच लॅपटॉपात हायत की. तू लगेच परत ये, मग हितनं पाठवू."