कुंपणापुढचं विमान

थोरल्या सत्यशीलाचं लग्न झालं त्या साली, १९९८च्या भादव्यात, तिचा बाप गोविंदा सिमेंट कारखान्याच्या लहानशा विमानात आडवा पडला होता आणि विमान काही केल्या उडत नव्हतं.

रात्री खाली अंथरुणावर झोपला असताना त्याला मण्यार डसली. पहाटे पापण्या मिटल्या, मग श्वास मंदावत चालला. कोरपन्याकडचे रस्ते पुरानं बंद. कारखान्याच्या दवाखान्यात सापाचं औषध होतं ते देऊन झालं. श्वासाचं यंत्र मात्र नागपुरात. म्हणून साहेबांनी विमान दिलं. पायलट, कंपाउंडर कय्यूम आणि गोविंदाची बायको कुंता, एवढीच माणसं सोबत बसली.

कय्यूम नागपूर शहरातला, इकडं नुकताच नोकरीला लागलेला. गोविंदाच्या घशात नळी होती, तिला जोडलेला रबरी फुगा दाबत राहायचं, एवढंच त्याचं काम. हात थांबला की माणूस संपला.

धुकं दाट होतं. त्यात कारखान्याची धूळ पावसानं भिजून धावपट्टीभर थापली गेली होती. रंगाच्या खुणा तिच्याखाली बुजल्या होत्या. पायलट डावीकडं वळला, थांबला, पुन्हा वळला. जिकडं पाहावं तिकडं पांढरंच. अखेर समोर तारांचं कुंपण आलं आणि विमान थबकलं.

"ये तो रनवे नहीं है," पायलट स्वतःशीच बोलला. जुन्या, सोडून दिलेल्या वाटेवर तो शिरला होता. वळायला जागा नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं.

चौकीदार लच्छू धावत आला. "मांगं घ्या ना, साहेब!"

"पीछे नहीं जाता ये."

"हात्तिच्या! आमची बैलबंडी बी मांगं येते," म्हणत लच्छू ट्रॅक्टर आणायला पळाला.

आत हवा कोंडली. काचांवर वाफ धरली. फुग्याची फसफस तेवढी चालू होती. कुंता पट्ट्यानं खुर्चीला बांधलेली, एक हात पोटावर, डोळे अर्धे मिटलेले. रात्रभर जागी असेल बिचारी, कय्यूमला वाटलं.

"भिऊ नका, बाई. आत्ता निघतो."

"पोट दुखून राह्यलं," ती जड जिभेनं म्हणाली. मग थोड्या वेळानं, "भाऊ, मले दोर लागला."

त्यानं पाहिलं. पट्टा पोटात रुतला होता. एका हातानं फुगा दाबत त्यानं दुसऱ्या हातानं तो सैल केला. "आता?"

ती त्याच्याकडं पाहत राहिली. मग नवऱ्याकडं वळली. "राहू द्या. तुमी त्याईले पाहा."

तिनं डोळे मिटले. झोपू दे, म्हणून कय्यूमनं पुन्हा हाक मारली नाही. ट्रॅक्टर यायला बराच वेळ गेला. साखळी लावून विमान मागं ओढलं, खऱ्या पट्टीवर आणलं, आणि ते उडालं. नागपुरात आधी गोविंदाला उतरवलं.

गोविंदा वाचला. घशातली नळी निघाली तेव्हा कय्यूम खाटेशी बसला होता.

"कुंता कुठी हाय?"

कय्यूमनं मान खाली घातली. "तुमचीच काळजी करत होती. दोर लागला म्हणाली, तर मी पट्टा सैल करून दिला."

गोविंदानं त्याच्याकडं मान वळवली.

"भाऊ," तो म्हणाला, "आमच्या गावात सापाचं नाव घेत नाईत. दोरच म्हणतेत."

कुंता सोमवारी, ७ सप्टेंबर १९९८ रोजी सकाळी वारली, तेव्हा विमान कुंपणापुढंच उभं होतं.