डॅनीची बढती

साल १९६४. अबुधाबीच्या वाळवंटात तेल कंपनीचा कॅम्प होता आणि दापोलीचा दाऊद तिथे स्वयंपाकी होता. त्याचे अमेरिकन साहेब रोज नाश्त्याला आपल्या मुलाची, डॅनीची, खबर सांगत. डॅनी तिकडे बेसबॉलच्या छोट्या लीगमध्ये चेंडू फेकायचा आणि एकेक पायरी चढत मोठ्या लीगकडे निघाला होता.

दाऊदने जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता. पण डॅनी वरच्या संघात गेला की हा अख्ख्या कॅम्पाला शिरा खाऊ घाली. डॅनीचा खांदा दुखावला, तेव्हा याने रोजे धरले. बापाचं काळीज बघावं तर दाऊदचं! "पुढच्या वर्षी डॅनीबाबा मोठ्या लीगमध्ये, इन्शाल्ला," हे तो साहेबांच्याही आधी म्हणायचा.

एका सकाळी साहेब चहाला न शिवताच म्हणाले, "खलास, दाऊद. संघाने डॅनीला काढून टाकलं. तो घरी परतला."

दाऊदला रडू आवरेना. दुपारचं मटण करपलं, तरी त्याचे हुंदके थांबेनात. शेवटी त्याच कॅम्पात काम करणारा त्याचा मेव्हणा शफी वैतागला.

"कमाल आहे तुमची, दुल्हाभाई! तुमचा स्वतःचा मुनाफ मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा तर डोळ्यांत टिपूस आलं नाही!"

दाऊदने डोळे पुसले आणि चकित होऊन विचारलं,

"मुनाफ? तो मॅट्रिकपर्यंत पोचलासुद्धा?"