वांग्यांना घातलेली राख

बायकोचा, पार्बताचा, आजार हाताबाहेर गेल्याचं कळलं त्या दिवशी नर्सताईंनी यादोरावांना विचारलं, "काका, चार महिने तपासणीला राख का नाही पाठवली? मोरीच्या गाळणीतली भाताच्या तुसाची राख सांडपाण्यातून जाणाऱ्या आजाराच्या खुणा धरून ठेवते; ती तपासली असती, तर आजार सुरुवातीलाच सापडला असता."

यादोराव परसातल्या वांग्यांकडे बघत राहिले. राख त्यांनी तिथं घातली होती.

खाटेवरून पार्बता म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना, ताई. वांगी बघा कशी लागलीत! पिशवीभर न्या."

खरं तर दर महिन्याला राखेची पुडी बांधून तीच म्हणायची, "एवढी पोस्टात टाका हो."

तिला जाऊन वर्ष झालं. आता मोरी तुंबते. गाळणीत तिच्या वेळची राख आहे. ती यादोरावांनी अजून काढलेली नाही.