गाडीचं नाक

"पेटला का रे?" मागच्या सीटवरून सासऱ्याने विचारलं.

"अजून नाही, मामा," जावई म्हणाला आणि त्याने स्टिअरिंग आवळून धरलं.

चेक इंजिनचा तो पिवळा दिवा मटाराएवढाच. पण हट्टी असा, की बॅटरीची वायर काढून ठेवली तरी जावयाच्या डोक्यात पेटत राहायचा. शेजारी तर सांगतात, तो डुलकी काढायला लागला की त्याच्या बंद पापण्यांतून पिवळा उजेड गळायचा, आणि बायको त्या उजेडात सुईत दोरा ओवून घ्यायची. आता शेजारी कशाला खोटं बोलतील?

सासऱ्याच्या गॅरेजचा कायदा एकच. दिवा पेटलेली गाडी मालकाच्या हवाली करायची नाही. मालकाने घरच्यांसकट आपापल्या जागी बसायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारून यायचं, आणि दिवा गप्प राहिला तरच गाडी न्यायची. जावयालाही सूट नव्हती. दुसऱ्या गावात त्याने स्वतःच्या गॅरेजसाठी गाळा बघून ठेवला होता. गाळ्याचा मालक आज संध्याकाळपर्यंत थांबणार होता, उद्या नाही. सामान केव्हाचं डिकीत भरलेलं होतं आणि इतके आठवडे डिकीतच नांदत होतं. आंघोळ झाली की जावई टॉवेलवर अंगणात यायचा आणि डिकी उघडून शर्ट शोधायचा.

स्कॅनर दर वेळी एकच रड सांगायचा: मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल येत नाही. धुराच्या पाइपात बसून इंजिनाचा श्वास हुंगायचा, एवढंच त्या सेन्सरचं काम. जावयाने सेन्सर बदलला, मग बदललेला बदलला. पाइपाला भोक आहे का पाहिलं, वायर बोटाबोटाने चाचपली, तिच्या जोडाचा प्लग ओढून पाहिला. गॅरेजात सगळं घट्ट. एकटा चक्कर मारून आला तर दिवा मुकाट. तिघं बसले की टाकीच्या वळणावर हजर.

"आमच्या वेळी नाक मेकॅनिकला असायचं," सासरा म्हणाला. "गाडीला नाही."

त्याला असं बोलायचा अधिकार होता. पाना हातात घेतला की त्याचा नंबर तो न बघता अंगठ्याने वाचायचा. गिऱ्हाइकं ते बघायला मुद्दाम थांबायची. जावई मात्र मनात म्हणायचा, म्हाताऱ्याची मिजास बघा!

टाकीचं वळण आलं. दिवा पेटला.

"पेटला का रे?"

"पेटला! समोर दिसतोय ना? दर वेळी विचारून का जीव खाता?"

सासरा खुसखुसला. "चिडतोस काय? थांबव. धूर कसा येतोय ते हुंगतो." दार उघडून तो उतरला आणि गाडीच्या अंगावर हात ठेवत मागे गेला.

एरवी जावई इथूनच गाडी वळवायचा, गॅरेजात पोचायचा आणि गाडीखाली शिरायचा. आज त्याच्यात वळवण्याचंही त्राण नव्हतं. तो नुसता बसून राहिला. शेजारी बायको होती, नेहमीसारखी चपला काढून, पाय कार्पेटवर. सेन्सरच्या वायरचा प्लग त्याच कार्पेटखाली होता.

"पाय उचल."

"कशाला? गॅरेजात बघा की. नेहमी तिथेच बघता."

"उचल म्हणतो ना."

तिने पाय उचलले. त्याने वाकून कार्पेट उलटं केलं. प्लगचे दोन्ही तुकडे वेगळे पडले होते. पांढऱ्या तुकड्यावर लाल ओरखडे होते, तिच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला लावलेल्या रंगाचे. गॅरेजात पोचलं की चपला घालायला ती वाकायची आणि बराच वेळ वाकलेलीच असायची, हे त्याला आत्ता आठवलं.

"तू?"

"हळू बोला."

"मला वाटायचं म्हाताराच काहीतरी करतोय. यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचंस! मला कशाला इतके दिवस डिकीत राहायला लावलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर बाबांपर्यंत गेलं असतं. आणि बाबांनी त्याच पावली आपल्याला घालवून दिलं असतं."

"काय गेलं असतं बाबांपर्यंत?"

ती आरशातून मागे बघत होती. "ते पान्याचा नंबर अंगठ्याने का वाचतात, असं वाटतं तुम्हाला?"

पत्र्यावर हात घासल्याचा आवाज आला. मागून पुढे, सावकाश. हात दाराच्या कडीशी थांबला, मग काचेच्या कडेशी. सासऱ्याने खिडकीतून मान आत घातली, पार डॅशबोर्डपर्यंत.

"धूर तर झकास आहे," तो म्हणाला. "विझला का रे?"

दिवा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर पिवळाधमक जळत होता. जावई आडवा वाकलेला, कार्पेट उलटं, प्लगचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत, सगळं उघड्यावर. सासरा हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत उत्तराची वाट पाहत होता.

जावयाने ते दोन तुकडे एकमेकांजवळ आणले. बायकोने डोळे मिटून घेतले.

"नाही, मामा," तो म्हणाला.

"असू दे. तुमचं घोडं त्या नाकापाशीच अडलंय. उद्या बघू."

जावयाने तुकडे होते तसे खाली ठेवले आणि वर कार्पेट पसरून नीट बसवलं. बायकोने त्यावर पाय ठेवले.