येणाऱ्याची मूठ

"ही मूठ कोनी वं, वहिनी?" चुडामण आबांनी विचारलं.

खानदेशात श्रावणात घरोघर बसणारी कानबाई देवी उद्या बसणार होती आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजणं चाललं होतं. देवपुरातल्या त्या घरात सगळी भाऊबंदकी जमली होती. आबा एकेका पुरुषाचं नाव घेत आणि त्यांची वहिनी बेबाबाई त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकत. पितांबर झाला, मगन झाला, सुरतेला नोकरीला गेलेला नवल झाला, अजून दातही न आलेला स्वप्नील झाला. शेवटचं नाव बेबाबाईंच्या मुलाचं, हेमराजचं. ते घेऊन आबा थांबले. बेबाबाईंचा हात काही थांबला नाही. त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

"येनाराना नावनी शे ती," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसलेल्या सुनेकडे, दिपमालाकडे, त्यांनी कौतुकानं पाहिलं.

बायका हसल्या. कोणीतरी दिपमालाच्या दंडाला चिमटा काढला. या घरात मूठ फक्त पुरुषांची. बायकांनी गहू धुवायचे, दळायचे, रोट भाजायचे. मोजणीत त्या नसतात. त्यामुळे मूठ पडली आणि सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. डॉक्टरच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लावलेली असते, की इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. इथे ते सुपानं सांगितलं आणि एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. उलट मगनची बायको म्हणाली, "आमले पेढा पाह्यजे वं माय!"

दिपमालाही आधी हसलीच. तिला पाचवा महिना लागला होता. राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका ओळखीच्या डॉक्टरकडे सासू तिला सोनोग्राफीला घेऊन गेली, त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला होता. सासू तिला दुधात तूप घालून देत होती, धुण्याच्या बादलीला हात लावू देत नव्हती. मागच्या खेपेचं त्यांच्याही मनाला लागलंय, म्हणून एवढं जपतात, असं दिपमालाला वाटायचं. भोळीच ती. या मायेनं तिला गहिवरून यायचं.

मागच्या खेपेला ती याच भिंतीला टेकून बसली होती. तेव्हाही पोटात बाळ होतं, डॉक्टरही तोच होता. आबांनी हेमराजचं नाव घेतलं आणि बेबाबाई सूप उचलून आत गेल्या होत्या. रविवारी कानबाईपुढे ती जावांसोबत जपून जपून नाचली, बाळाला सुखरूप ठेव म्हणून देवीला हात जोडले. सोमवारी पांझरा नदीत विसर्जन झालं. मंगळवारी सासू म्हणाली, डॉक्टरचा फोन होता, बाळाची वाढ थांबलीय, काढून टाकावं लागेल. दिपमाला त्याच सासूच्या गळ्यात पडून रडली होती.

तिचं हसू ओठांवरच वाळलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मागला सालनी कानबाईले बी माले दिवस व्हतात. तवय मूठ काबर नही टाकी?"

बेबाबाई सुपातले खडे वेचत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. खोटं बोलावं, इतकंही ते त्यांना मोठं वाटलं नाही.

"तवय कशानी मूठ? पोरगी व्हती ती."

कोणी दचकलं नाही. मगनच्या बायकोनं पदर सारखा केला. आबा उगाच खोकले. हेमराजनं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात तोंड घातलं. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. जिच्या पोटात ती होती, तिला तेवढं ठाऊक नव्हतं.

आणि बेबाबाईंचं अजून संपलं नव्हतं. एखादीनं कडक उपास पाळल्याचं सांगावं, तशा त्या म्हणाल्या, "देवीना सनमा घरमा इटाळ नको, म्हनीसन थांबनूत आम्ही. कानबाई गई, मंगच तुले लई गऊत."

रविवारी जे हात दिपमालाच्या हातात गुंफून नाचले होते, त्या सगळ्या हातांना मंगळवार माहीत होता. तिला त्या हातांची किळस आली, घासूनपुसून लख्ख केलेल्या त्या घराची किळस आली. सासूच्या हातचं रोज पीत आलेल्या दुधाचीही आली.

ती उठली. पोत्यात हात घालून तिनं मूठभर गहू घेतले आणि सुपात टाकले.

"ही तिनी," ती म्हणाली.

आता मात्र बेबाबाई किंचाळल्या. "बठ्ठा गहू बाटाडी टाका इनी! देवीना गहू बाटाडी टाका!" पोरीचं सांगताना ज्या बाईचा आवाजही हलला नव्हता, ती बाटलेल्या गव्हांसाठी ऊर बडवून रडायला लागली. आबांनी सूप पायानं बाहेर सरकवलं आणि दुकानातून नवे गहू आणायला सांगितलं.

हेमराज लगेच उठला. बायको विचारत होती तेव्हा ढिम्म बसलेला हा नवरा गव्हांसाठी मात्र चटकन उठला, पिशवी घेऊन दाराकडे निघाला.

दाराशी दिपमाला पायात चप्पल घालत होती. हातात तिची पर्स होती, दुसरं काही नव्हतं. तिनं त्याला आधी वाट दिली.

"आना गहू," ती म्हणाली. "पन माना पोऱ्याले त्यामा मोजू नका. तो तुमनी भाऊबंदकीना नही."