चिमूटभर हळद

काजू, मगज आणि उकडलेल्या कांद्याचं वाटण कढईत पडलं, तशी मृदुलानं आच मंद केली. रंग अजिबात चढू द्यायचा नव्हता. आज नवऱ्याचा वाढदिवस. त्याला हॉटेलात मिळते तशी दुधासारखी पांढरी ग्रेव्ही हवी होती. वाटण ढगासारखं हळूहळू फुगत होतं आणि वेलचीच्या वाफेत सगळं स्वयंपाकघर तरंगत होतं.

त्या वासामागोमाग सासूबाई आत आल्या. सासरे गेल्यापासून आठ महिने त्या खिडकीशीच बसून असत; ओट्याकडे फिरकल्याही नव्हत्या. आत्ताही झोपेत चालल्यासारख्या आल्या, मिसळणाचा डबा उघडला आणि चिमूटभर हळद कढईत सोडली.

"अहो आई, हळद..." मृदुलाच्या तोंडून निघून गेलंच.

"किती फिकं दिसत होतं गं," सासूबाई म्हणाल्या.

पांढऱ्या ढगात पिवळं ऊन पसरत गेलं. तासभर जपलेला रंग मृदुलाच्या डोळ्यांदेखत विरघळला. मग तिनं हातातला डाव सासूबाईंपुढे धरला.

"आई, मीठ किती घालू?"

"सरक," पदर खोचत त्या म्हणाल्या, "मी बघते."