घोट्याएवढं पाणी

निघायच्या आदल्या दिवशी शिवलिंगप्पांनी छपराच्या बैलगाडीत अंथरूण, शेगडी, घागर असं सारं बिऱ्हाड मांडलं. निजामाची हद्द ओलांडून थेट गोकर्णाच्या समुद्रापर्यंत जायचं होतं.

"पार्वते, येतीस का?" त्यांनी लेकीला विचारलं. "पुस्तकातल्या समुद्रानं पाय भिजत न्हाईत."

पार्वतम्मानं पान उलटलं.

दोन महिन्यांनी गाडी भूमला परतली, ती एकट्या गुंडाप्पा गाडीवानाला घेऊन.

"घोट्याएवढ्या पाण्यात हसत उभे व्हते, अक्का. तिथंच कोसळले. माती बी तिकडंच दिली."

त्या दिवसापासून अंगणात सोडलेल्या गाडीच्या फळ्या रोज दुपारी ओल्या होऊ लागल्या. "म्या पाणी सांडलं न्हाय," गुंडाप्पा शपथेवर सांगे. पार्वतम्मानं बोट लावून चाखलं. खारट होतं. गावच्या आडांना तर चैत्रापासून पाणीच नव्हतं.

आज ती पुस्तक घेऊन गाडीत चढली आणि वडिलांच्या अंथरुणावर बसली. पाणी तळव्यांना लागलं, मग घोट्यांपर्यंत चढलं. कोमट होतं. फळ्यांच्या फटींतून थेंबही खाली गळत नव्हता. बैल गोठ्यात होते, तरी चाकं करकरत पुढं सरकली.

तिनं पुस्तक मिटलं.

"येते, अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली.